शेवटचा पेपर झाल्यावर

एप्रिल उजाडला, की महाविद्यालयाच्या आवारातील बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो आणि त्याच सुमारास परीक्षा संपत येतात. शेवटच्या पेपराची शेवटची घंटा होते. उत्तरपत्रिका गोळा करणारे पर्यवेक्षक मागच्या बाकापर्यंत पोचलेले नसतात, तोच दाराबाहेर मुलांचा घोळका जमू लागतो. एरवी प्रत्येक पेपरानंतर प्रश्नपत्रिकेची चिरफाड करणारी ही मुले त्या दिवशी ती चौघडी करून खिशात कोंबतात आणि नुसती उभी राहतात. घरी जाण्याची घाई सर्वांनाच असते; पण पहिले पाऊल कोणी उचलीत नाही. अध्यापक म्हणून हे दृश्य मी पस्तीसेक वर्षे पाहिले. दर वर्षी काही ना काही निमित्त काढून त्या घोळक्याच्या कडेने मी एक फेरी मारीत असे. तेथे ऐकण्यासारखे काहीच नसे. तीच तीच थट्टा, त्याच त्याच शपथा, आणि मधूनच एकदम पसरणारी शांतता.

संध्याकाळपर्यंत वसतिगृह ओस पडते. ट्रंका जाऊन आता चाके लावलेल्या पेट्या आल्या आहेत, टांगे जाऊन रिक्षा आल्या आहेत. पण मागे उरणारा पसारा मात्र तोच आहे. फुटकी बादली, एका पायातील चप्पल, भिंतीवर पेन्सिलीने मांडलेले वेळापत्रक, आणि कोणाचे तरी कोणाकडून नेलेले आणि परत करावयाचे राहून गेलेले पुस्तक. माझ्या मनात आज जे बोलावयाचे आहे, ते या शेवटच्या वस्तूविषयी आहे. परत करावयाच्या राहून गेलेल्या गोष्टींविषयी.

श्रोतेहो, महाविद्यालयीन मैत्रीविषयी आपण फार भरजरी बोलतो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तर त्या मैत्रीला इतके हार घातले जातात, की खाली मूर्ती कोणती आहे हेही दिसेनासे होते. माझा अनुभव साधा आहे. आम्ही एकमेकांना निवडले नव्हते. वसतिगृहाच्या रेक्टरांनी जूनमध्ये एक यादी फलकावर लावली आणि त्या यादीने आम्हांला मित्र केले. माझ्या खोलीत पाटणकडचा एक मुलगा आला, पलीकडच्या खोलीत एक ग्वाल्हेरचा आणि एक बेळगावचा. ग्वाल्हेरकराच्या मराठीला मधूनच हिंदीची लकेर असे. बेळगावकराचे ‘होय की’ आम्ही आठ दिवसांत उचलले आणि त्याने आमचे काहीच उचलले नाही. यात निवड कसली? पण पुढे आयुष्यात ज्यांना पारखून, तोलून जवळ केले, त्यांच्यापेक्षा ही यादीतली माणसेच अधिक आतपर्यंत गेली. याचे कारण मला असे वाटते, की त्या वयात आमच्याजवळ हिशेबाबाहेरचा वेळ होता. रात्रीचे जेवण झाले, की अकरापर्यंत, बारापर्यंत आम्ही कट्ट्यावर बसत असू. त्या बसण्यातून काही निष्पन्न व्हावे, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. संसारी माणसाला असा वेळ पुन्हा मिळत नाही. तो भेटायला जातो, तोही काही कामासाठी.

अशा हिशेबाबाहेरच्या वेळातून काय काय निघू शकते, याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले आहे. १८७९ साली टिळक तेथे कायद्याचा अभ्यास करीत होते आणि आगरकर एम.ए.चा. दोघेही १८५६ सालचे, म्हणजे तेवीस वर्षांचे. सरकारी नोकरी करावयाची नाही, शाळा काढावयाची, हा निश्चय त्या दिवसांतील बोलण्यातून झाला, आणि १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लिश स्कूल उभेही राहिले. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघे बरोबरच डोंगरीच्या तुरुंगात गेले. त्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिले. आणि नंतर ते फाटले. आधी समाजसुधारणा की आधी राजकारण, या वादाने फाटले. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला, १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. दोघांनी एकमेकांवर जे लिहिले, ते आजही वाचवत नाही. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, आगरकर गेले. त्यांच्यावरील मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनी लिहिला.

इतिहासाचे अभ्यासक या दोघांत बरोबर कोण होते, हे ठरवितात. ते ठरवावे लागतेच. माझे मन मात्र त्या मृत्युलेखाभोवती घोटाळते. लिहिणाऱ्यासमोर त्या रात्री कोणते आगरकर उभे असतील? ‘सुधारक’कार, की कॉलेजातला तो दरिद्री, हट्टी, हुशार मुलगा?

त्यांच्या दुराव्याला निदान देशाएवढे मोठे कारण होते. माझ्या एका दुराव्याला ६१ रुपयांचे कारण होते.

आमच्या वेळी वसतिगृहातील मुले आपापला भोजनाचा क्लब चालवीत. पंचवीस मुले, एक आचारी, एक वाढपी, आणि मुलांतूनच निवडलेला एक सेक्रेटरी. महिनाअखेर एकूण खर्च काढावयाचा आणि डोकीमागे वाटावयाचा. कोणी गावाला गेला तर तितक्या जेवणांचे ‘खाडे’ धरून त्याची रक्कम कमी करावयाची. मात्र खाडा हवा असेल, तर एक दिवस अगोदर वहीत नोंद केली पाहिजे. नियम योग्यच होता. न कळवता माणसे गेली, की शिजलेले अन्न वाया जाते. १९६७ साली, दुसऱ्या वर्षाला असताना, मी सेक्रेटरी झालो. मला हिशेबाची आवड होती. त्याहून अधिक, मला वाटते, नियमाची आवड होती.

त्या वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास, कोयनेचा भूकंप झाला. आमच्या खाटा सरकल्या, फळीवरची पुस्तके अंगावर पडली, आणि सारे वसतिगृह अंधारात, पांघरुणे गुंडाळून, मैदानावर येऊन उभे राहिले. थंडी कडाक्याची होती. भूकंप कोठे झाला, हे आम्हांला ठाऊक नव्हते. कोणी लातूर, कोणी भडोच, अशी नावे घेत होते. सकाळी बातमी आली, तेव्हा पाटणचे नाव ऐकताच माझा सोबती खोलीत गेला, पिशवीत दोन कपडे टाकले आणि निघाला. मी फाटकापर्यंत गेलो. खिशातले पाच रुपये त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते घेतले, काही बोलला नाही. त्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, हे आम्हांला हळूहळू कळत गेले.

तो परतला तो जानेवारीच्या अखेरीस. घर पडले होते, एवढेच त्याने सांगितले. आम्हीही अधिक विचारले नाही. त्या वयात दुःखाची चौकशी कशी करावी, हे कोणालाच येत नाही. तो पुन्हा वर्गाला जाऊ लागला. माझ्या तर्कशास्त्राच्या वह्या उतरवून घेऊ लागला. रात्री मात्र कट्ट्यावर येईनासा झाला.

मार्चमध्ये मी क्लबचा वार्षिक हिशेब बंद करावयास बसलो. त्याच्या नावावर बाकी निघाली ६१ रुपये. कारण उघड होते. डिसेंबर-जानेवारीतील त्याचे खाडे वहीत नव्हते. अगोदर नोंद केलेली नव्हती. श्रोतेहो, आज हे बोलताना माझे मलाच खरे वाटत नाही. पण त्या वेळी मला तो प्रश्न नियमाचा वाटला. एकाला सूट दिली, तर उद्या सारेच मागतील, असेही मी क्लबच्या बैठकीत बोललो. बैठकीत कोणी विरोध केला नाही. बाकीदारांची यादी मी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि प्रथेप्रमाणे भोजनगृहाच्या दारावर लावली. तिच्यात तीन नावे होती. त्यांतले एक त्याचे.

दुसऱ्या दिवशी त्याने पैसे आणून दिले. मी पावती फाडली. तो पावती घेऊन गेला.

परीक्षा आल्या. एका खोलीत राहून आम्ही महिनाभर दिव्याखेरीज कशाविषयीही बोललो नाही. ‘दिवा घालवू का?’ ‘घालव.’ त्याचा शेवटचा पेपर माझ्या आदल्या दिवशी होता. दुसऱ्या दिवशी मी पेपर टाकून, त्या घोळक्यात तासभर रेंगाळून, खोलीवर आलो, तेव्हा त्याची खाट रिकामी होती. माझ्या खाटेवर तर्कशास्त्राच्या तिन्ही वह्या नीट रचून ठेवल्या होत्या. त्याने तिन्हींना नवी वेष्टने घातली होती.

स्टेशनवर जाताना ग्वाल्हेरकर बरोबर होता. त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की ते ६१ रुपये त्याने उसने दिले होते. दुसरी ही, की त्या पहाटे पाटणकडच्या त्या घरात आजी भिंतीखाली सापडली होती. “तुला माहीत होतं ना?” असे त्याने विचारले. मी ‘हो’ म्हटले. हे खोटे होते.

त्या जूनमध्ये तो परत आला नाही. कऱ्हाडला राहून त्याने शिक्षण पुरे केले, असे ऐकले. ग्वाल्हेरकराचे पैसे त्याने मनिऑर्डरीने फेडले. मी पत्र लिहावयाचे ठरविले, आणि ते ठरविण्यात वर्षे गेली. पहिल्या वर्षी लाज वाटत होती. पुढे इतके दिवस का लिहिले नाही, याचीच लाज वाटू लागली.

आजची मुले निरोप घेताना मला वेगळी दिसतात. त्यांच्या हातातील फोनमध्ये साऱ्या वर्गाचा एक गट असतो. कोणी कोठेही गेला तरी वाढदिवसाची शुभेच्छा त्याला चुकत नाही. म्हाताऱ्यांनी या गोष्टीला नाक मुरडावे, असा संकेत आहे, पण मी ते करणार नाही. आम्हांला हे साधन असते, तर त्या आजीची बातमी मला चार महिन्यांनी रेल्वे स्टेशनवर कळली नसती. माझ्या मनात शंका येते ती इतकीच, की माणूस नित्य दिसत राहिला, म्हणजे त्याच्याशी जे बोलावयाचे असते ते उद्यावर टाकणे फार सोपे होते. आमच्या वेळी एप्रिलचा तो दिवस ही शेवटची मुदत होती. मी ती चुकविली. पण मुदत होती, हे तरी मला कळले.

१९९४ च्या जूनमध्ये, मी अध्यापक असताना, प्रवेशाच्या गर्दीत एक मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आडनाव वाचले, गाव वाचले, आणि वर पाहिले. तेच कपाळ, तशीच खाली पाहून बोलण्याची लकब. त्याच्या हातात तांदळाची एक लहान पिशवी होती. “बाबांनी दिलीय,” तो म्हणाला. मग जरा अडखळून, पाठ केलेले म्हणून दाखवावे तसे त्याने विचारले, “बाबांनी विचारलंय, की अगोदर कळवलं नाही तर खाडा धरतात का अजून?”

मुलाला त्या प्रश्नाचा अर्थ ठाऊक नव्हता. तो थट्टेचा आहे की कशाचा, हे मलाही सांगता आले नसते. मी त्याला बसवून घेतले, पाणी दिले, अर्ज भरून दिला. त्या रात्री सव्वीस वर्षांचे राहिलेले पत्र लिहिले. ते चार ओळींचे झाले. क्षमा हा शब्द त्यात दोनदा आला होता; एकदाचा मी खोडला.

पंधरा दिवस उत्तर नव्हते. मग एक पोस्टकार्ड आले. अक्षर ओळखीचे, थोडे थरथरलेले. पाऊस चांगला आहे, लावणी आटोपली, तांदूळ जुना करून मग शिजवावा, असे सारे त्यात होते. माझ्या पत्राचा उल्लेख नव्हता. शेवटी पत्ता लिहिण्याच्या बाजूला, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात एक वाक्य होते : ‘चिरंजीव गणपतीला आठ दिवस गावी येईल, आधी कळवीत आहे.’

मी ते कार्ड खिशात घालून वसतिगृहाच्या भोजनगृहाकडे गेलो आणि त्यांची वही मागून घेऊन तिच्यात आठ दिवसांचे खाडे स्वतःच्या हाताने लिहून आलो.