डिकीतली पेटी आणि पत्र्याची खडखड



आमच्या गटात गाड्यांची सीटकव्हर शिवणाऱ्या काहीजणी आहेत. वूफरच्या पेटीला कार्पेट चढवायचं कामही त्यांच्याकडे येतं. पण कार्पेट चढवायची मजुरी थोडी, पेटी बनवायची जास्त. म्हणून आम्ही पेटीच बनवायला शिकलो. शिवणारीला माप कळतं, आणि इथे सगळा खेळ मापाचाच!

बारा इंची वूफरला बंद पेटी साधारण तीस लिटरची लागते. नेमका आकडा वूफरबरोबरच्या कागदावर बघायचा. आतली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागली की लिटर मिळतात. ४० × ३२ × २५ म्हणजे ३२ लिटर. १८ मिलिमीटरचा एमडीएफ वापरला, तर बाहेरचं प्रत्येक माप ३.६ सेंटिमीटरने वाढतं. ब्लाउजला माया ठेवतो, तसंच हे.

एमडीएफ कापताना नाकातोंडाला मास्क हवाच. आधी भोक पाडून मग स्क्रू घालायचा, नाहीतर कड फाटते. सांध्यांना फेविकॉल, आतून सिलिकॉन. ते पूर्ण वाळल्यावरच वूफर बसवायचा. फटीतून हवा गेली, तर आवाज पोकळ येतो. पेटी गाडीला पक्की आवळायची. जोरात ब्रेक लागला तर ती पुढच्यांच्या अंगावर येईल.

आता खडखड. ती बहुतेक वेळा वूफरची नसते, पत्र्याची असते. जाड आवाज हळू लावायचा आणि एकीने नंबरप्लेट, डिकीचं झाकण, दाराचं पॅनेल तळहाताने दाबत जायचं. जिथे दाबल्यावर खडखड थांबते, तिथेच दोष. नंबरप्लेटमागे फोमची पट्टी, सुट्या वायरींना कापडी टेप, पत्र्याला ब्यूटाइलची शीट. छताचं डांबरी पत्रक स्वस्त मिळतं, पण सोलापूरच्या मे महिन्यात ते पाघळतं आणि वास मारतं. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका, पत्रा गंजेल.

खडखड काढली की कमी आवाजातही गाणं भरदार लागतं. गिऱ्हाईकाला हे पटवणं आपलंच काम. मागच्या सीटवर लेकरू बसतं, त्याचे कान कोवळे. शिवाय रात्री १० ते सकाळी ६ या वेळात शेजाऱ्यांची झोप मोडणारा आवाज कायद्यालाही चालत नाही.

पहिली पेटी रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापून बघा. पुठ्ठा चुकला तर नुकसान नाही. माप जमलं की मगच लाकडाला हात घाला.