अँटिबॉडी गप्प राहते तेव्हा



आपल्या शरीरातली पेशी तिची वेळ भरली की स्वतःहून मरते, आणि तिनं मरावं यातच आपलं हित असतं. हे मरण थोपवून धरणारं एक प्रथिन आहे, बीसीएल-२. त्याचं जनुक १९८०च्या दशकात फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात सापडलं. हे जनुक पेशींचं विभाजन वाढवत नाही, त्यांना मरू देत नाही, हे १९८८ साली मेलबर्नच्या डेव्हिड वॉक्स, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखवलं. कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टीच त्यामुळे बदलली.

हे प्रथिन डोळ्यांना दिसणार कसं? त्यासाठी अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन, लागते. ऑक्सफर्डच्या डेव्हिड मेसन यांच्या गटानं उंदराच्या पेशींपासून तयार केलेली एक अँटिबॉडी 'क्लोन १२४' या नावानं जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. काचपट्टीवरच्या ऊतीवर ती घालायची. बीसीएल-२ असेल तिथे ती चिकटते आणि पुढच्या प्रक्रियेत तिथे तपकिरी रंग उमटतो. निरोगी लसिकाग्रंथीत, बी-पेशी जिथे परिपक्व होतात ती जननकेंद्रं फिकी राहतात. फॉलिक्युलर लिम्फोमात तसेच गोलाकार पुंजके बहुधा गडद होतात. पॅथॉलॉजिस्टला निदानात याचा फार आधार वाटतो.

पण काही रुग्णांत आजार उघड असूनही रंग येईना. कारण मोठं विलक्षण निघालं. अँटिबॉडी अख्ख्या प्रथिनाला ओळखत नाही. बीसीएल-२ ही २३९ अमिनो आम्लांची साखळी. क्लोन १२४ ओळखतो तो त्यातला ४१ ते ५४ एवढाच तुकडा. या आजारात १८व्या गुणसूत्रावरचं बीसीएल-२चं जनुक १४व्या गुणसूत्रावर, अँटिबॉडी घडवणाऱ्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसतं. त्या जागी पेशी मुद्दाम उत्परिवर्तनं घडवत असते, नवनव्या अँटिबॉडी मिळाव्यात म्हणून. त्याची झळ या पाहुण्या जनुकालाही लागते आणि कधीकधी नेमका तोच तुकडा बदलतो. प्रथिन जागेवर असतं, पेशीला जगवत असतं, फक्त आपली अँटिबॉडी त्याला ओळखत नाही.

अशा वेळी ई१७सारखा, वेगळ्या तुकड्याला चिकटणारा दुसरा क्लोन वापरला की त्याच ऊतीत रंग उमटलेला दिसला आहे. काचपट्टीवर रंग नसला की आधी शेजारच्या निरोगी टी-पेशी पाहाव्यात. त्यांच्यात बीसीएल-२ असतंच. त्या रंगल्या नसतील तर चाचणीच फसली आहे. त्या रंगल्या आणि संशयित पेशी कोऱ्या राहिल्या, तरी 'प्रथिन नाही' असं लिहिण्याची घाई मला धोक्याची वाटते, कारण त्या दोन शब्दांवरून आजारी गाठ साधी सूज ठरू शकते. म्हणूनच संशोधन-लेखांत नुसतं 'बीसीएल-२ची अँटिबॉडी वापरली' एवढं पुरत नाही. क्लोन कोणता आणि तो प्रथिनाच्या कुठल्या भागाला चिकटतो, हेही तिथे छापलेलं हवं.