सण म्हणजे सुटी



पत्रिकेवर ‘नाताळ : काल आणि आज’ असा विषय छापलाय. म्हणजे रोमन लोकांचा सॅटर्नेलिया हा सण, चौथ्या शतकात रोममध्ये रुजलेली २५ डिसेंबर ही तारीख, राणी व्हिक्टोरियाच्या राजवाड्यातलं नाताळचं झाड, हे सगळं ओघानं आलंच. ते आपल्याला ठाऊक आहे, असं मी धरून चालतो. (हशा) मला एकच सांगायचंय. सण कोणत्या देवाचा हे मागून विचारावं. त्या दिवशी कामावर कोण जात नाही, हे आधी पाहावं. सण म्हणजे मुळात सुटी. पहिल्या रांगेतल्या काही भुवया वर गेलेल्या दिसताहेत. धर्माला मी कमी लेखत नाही, जरा दम धरा.

उदाहरण घ्या सतराव्या शतकातलं. इंग्लंडात यादवी माजली होती आणि पार्लमेंटात प्युरिटनांचा, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांचा, जोर होता. बायबलात येशूच्या जन्माची तारीख नाही, मग उत्सव कसला, असा त्यांचा सवाल. जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द झाले. पण त्याच वेळी नोकरांना आणि शिकाऊ कारागिरांना विश्रांतीसाठी महिन्यातला दुसरा मंगळवार देऊ केला. सण काढला तर सुटी द्यावी लागते, हे त्या कडव्या मंडळींनाही कळत होतं!

त्याच वर्षीचा नाताळचा दिवस, गाव कँटरबरी. महापौरांनी फर्मावलं, आज दुकानं उघडी पाहिजेत. बहुतेकांनी उघडली नाहीत. ज्या थोड्यांनी उघडली, त्यांचा माल लोकांनी रस्त्यावर फेकला. महापौर समजूत घालायला आले, हात उगारून बसले आणि स्वतःच आडवे झाले. (हशा) दारांवर हॉलीच्या फांद्या लागल्या, रस्त्यात चेंडू उडू लागले. पुढच्या वर्षी आरोपींवर खटला भरायला ज्यूरीनंच नकार दिला आणि त्यातून केंट परगण्यात उठाव पेटला. याच्यावर मी तासभर बोलू शकतो... नाही, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मग अमेरिका. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला. दंड कशाला, तर मेजवानीला आणि काम बंद ठेवण्यालाही! तो कायदा १६८१ मध्ये गेला.

मागून कुणीतरी डिकन्सचं नाव घेतलं. घ्या की! त्याच्या १८४३ सालच्या नाताळच्या गोष्टीत भुतं तीन की चार यावर वाद घाला, पण आरंभी कारकुनाचा मालक कुरकुरतो ती एका दिवसाच्या भरपगारी रजेवरून. भेटकार्डं, सांताक्लॉज, टर्की यांना आज वेळ नाही. आयोजकांनी पुढच्या वर्षी बोलवावं.

शेवटचं सांगतो आणि बसतो. स्कॉटलंड हा ख्रिस्ती देश, पण प्युरिटनांच्याच वळणाचा. तिथं २५ डिसेंबरला सार्वजनिक सुटी मिळू लागली १९५८ साली.