जुना मचवा आणि नवी सामग्री

नागपूरच्या बाजारांत बर्फांतून येणारी सुरमई पुष्कळांनीं पाहिली असेल. ती धरतात कशी, याची चौकशी मात्र समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या या नगरांत क्वचितच होते. कोंकणांत ती बहुधा जाळ्यांत सांपडते. पण दुसरीहि एक रीत आहे. होडी मंद गतीनें चालवावयाची आणि तिच्या मागें गळ लावलेल्या लांब दोऱ्या सोडावयाच्या. गळावरील चकाकतें आमिष पळतांना पाहून सुरमई व कुपा त्यावर झडप घालतात. या रीतीस ट्रोलिंग म्हणतात. तळावरून जाळें ओढणारें ट्रॉलिंग तें निराळें. येथें एकेक मासा हातीं येतो व चेंगरत नाहीं.

दोऱ्या एकमेकींत गुंतूं नयेत म्हणून होडीच्या दोन्ही बाजूंस लांब काठ्या बाहेर काढाव्या लागतात. अडचण येथेंच उत्पन्न होते. जुने मचवे शिडासाठीं बांधलेले. १९५० नंतरच्या काळांत अशा अनेक होड्यांत एंजिनें बसलीं. शिडाचा जोर डोलकाठीच्या बुडाशीं, होडीच्या कण्यावर उतरे. या काठ्यांचा जोर मात्र कडेच्या फळीवर येतो, आणि फळीचें मुख्य काम पाणी अडविण्याचें. काठी आधारापासून १० हात बाहेर असून टोंकाशीं २० किलोंची ओढ पडली, व तिचें बूड आधाराच्या आंत १ हातावर जखडलेलें असलें, तर त्या जखडणीवर २०० किलोंचा ताण येतो. एवढ्यानें जीर्ण लांकडांतील खिळे उपटून येतात.

म्हणून शहाणा सुतार प्रथम लांकूड तपासतो. चंद्रपूरच्या रानांमुळें साग वैदर्भीयांच्या परिचयाचा आहे. पण खिळ्यांभोंवतीं पाणी मुरत राहिलें तर जुना सागहि आंतून खराब होतो. टोंच्या सहज रुतला, तर तेवढा भाग बदलल्यावांचून पुढील काम व्यर्थ. मग तो आंतून दोन-तीन वांकांना, म्हणजे होडीच्या फासळ्यांना, जोडणारें जाड लांकूड बसवितो. आरपार बोल्ट घालून त्यांखालीं रुंद चकत्या देतो आणि भोकें डांबरानें बुजवितो. लोखंड व पितळ खाऱ्या पाण्यांत एकमेकांस लागून राहिलीं कीं लोखंड लवकर झिजतें. म्हणून तो त्यांची सांगड घालीत नाहीं. काठीच्या टोंकापासून पुढें नाळेस व वर डोलकाठीस ताणदोर बांधले कीं बुडावरील भार पुष्कळ हलका होतो.

आणखी एक युक्ति आहे. गळाची दोरी व काठी यांच्यामध्यें मुद्दाम एक कच्चा दोर ठेवावा. गळ खडकांत अडकला, तर प्रथम तुटावयाचें कोणीं, हें किनाऱ्यावरच ठरलेलें असावें. दोर दुसरा मिळतो. कडेची फळी फुटली तर आंतील माणसांच्या जिवावर बेततें.

शेवटीं, पहिली फेरी शांत पाण्यांत, किनाऱ्याच्या दृष्टीआड न जातां करावी. एंजिनाच्या थरथरीनें बोल्ट ढिले होतात. परत येतांच ते पुन्हां आंवळावे. एका मचव्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात. त्यास नवें काम सांगण्यापूर्वीं त्याची ताकद विचारणें, हेंच त्या घरांचें रक्षण होय.