चाक घासतंय? आधी मडगार्डची कड पाहा

गाडीला रुंद टायर बसवले की खड्ड्यात किंवा गाडी भरलेली असताना चाक मडगार्डच्या आतल्या कडेला घासू शकतं. ही कड म्हणजे आत वळवलेला पत्रा. तो वर दाबून घेतला की काही मिलिमीटर जागा मिळते. मात्र आधी हीटगनने रंग गरम करा, मग थोडं थोडं दाबा. थंड रंगाला तडे जातात आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. मागच्या चाकावर बहुतेक गाड्यांत ही कड दोन पत्र्यांचा जोड असते, ती कापूच नका! मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं. म्हणून टायर घेण्याआधीच गाडीच्या पुस्तिकेतलं माप पाहा.