स्थळप्रत

सरकारी दप्तरात एक जुना शिरस्ता आहे. पत्र बाहेर गेले की त्याची एक प्रत फाइलीत राहते. तिला 'स्थळप्रत' म्हणतात. मूळ पत्र टपालात गहाळ झाले तरी स्थळप्रत साक्ष देते. परंतु त्याच दप्तरातील गृहस्थ घरी आला की मुलांची छायाचित्रे, घराचे कागद, वडिलांची पत्रे एकाच संगणकात ठेवून निर्धास्त झोपतो!

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' तयार होत असता, चुकून दिलेल्या एका पुसण्याच्या आज्ञेने चित्रपटाचा बराचसा भाग नाहीसा झाला. राखीव प्रत होती. पण ती सदोष निघाली, आणि हे आधी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गेलिन सुसमन या बाईंच्या घरच्या संगणकात एक प्रत होती. तिने चित्रपट तारला.

संगणकाला चित्रांवर बोट ठेवून काम सांगता येते, तसे आज्ञा लिहूनही सांगता येते. लिहिलेल्या आज्ञेचा लाभ हा की, ती उद्याही जशीच्या तशी देता येते. आणि 'क्रॉन' या सेवकाकडे सोपविली तर तो ती ठरल्या वेळी बजावतो. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' ही आज्ञा सिद्ध केली. ती दोन्हीकडच्या फायली ताडून पाहते. न बदललेल्या फायलीला ती हात लावीत नाही. दूरच्या यंत्राकडे पाठविताना तर बदललेला भागच तेवढा धाडते.

मात्र एक सावधगिरी हवी. तिला 'डिलीट' हे पद जोडले, तर मूळ जागी पुसलेली फाइल प्रतीतूनही पुसली जाते. म्हणून आधी 'ड्राय-रन' जोडावे. मग आज्ञा काही न करता, आपण काय करणार एवढेच सांगते. शिवाय तारीखवार जुन्या प्रतीही निराळ्या ठेवाव्यात. कारण आज झालेली चूक आजच्या प्रतीतही उतरते.

जाणकारांचा दंडक सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. त्यास एवढेच जोडावे, की अधूनमधून त्या प्रतीतील एखादी फाइल परत काढून उघडून पाहावी. वेळेला जी उघडत नाही, तिला स्थळप्रत कशी म्हणावी?