चेहऱ्याची ठेव : आंदोलने, दंगली आणि छायाचित्र घेणाऱ्याचे दायित्व



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाने बोलण्यास उभे राहणे हा मी माझा सन्मान समजतो. भाषेच्या प्राध्यापकाने छायाचित्रणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु छायाचित्र हेही एक विधानच असते, आणि विधान करणाऱ्यावर त्याच्या खरेपणाची जबाबदारी येते. शिवाय आज या सभागृहातील बहुतेक प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. समोर मोर्चा, लाठीमार किंवा दगडफेक चालली असता तो बाहेर काढावा की नाही, काढला तर काय टिपावे, टिपलेले कोणाला दाखवावे, हे प्रश्न आता केवळ वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचे राहिलेले नाहीत.

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी भोपाळकरांना दूर जावे लागत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांमधील रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्यानंतर लवकरच रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोन छायाचित्रकारांनी एकाच दफनाचे चित्र टिपले. एकाचे कृष्णधवल, दुसऱ्याचे रंगीत. मातीने वेढलेला एका बालकाचा चेहरा, उघडे राहिलेले डोळे आणि त्यावरून फिरणारा एक हात. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ पुरस्कार मिळाला. जगाच्या दृष्टीने तोच भोपाळचा चेहरा ठरला. ते मूल कोणाचे, त्याचे नाव काय, हे मात्र आजवर निश्चित झालेले नाही.

हे चित्र टिपणे योग्य होते काय? त्या बालकाची संमती घेणे शक्य नव्हते. आणि माती लोटणाऱ्या हाताला त्या क्षणी परवानगी विचारणे ही तर क्रूरताच झाली असती. तरीही माझे उत्तर असे आहे की, ते टिपणे योग्य होते. आकडे माणसाला दुरून दिसतात, चेहरा जवळून दिसतो. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली, ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने आरोपींना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. या प्रत्येक टप्प्यावर ‘हे पुरेसे नाही’ असे म्हणणाऱ्या वायुपीडितांच्या मागे तो चेहरा उभा होता. डिसेंबरातील स्मृतिदिनांना, दिल्लीपर्यंतच्या पदयात्रांत पीडित स्त्रिया आपल्या मृतांची छायाचित्रे हाती घेऊन चालल्या. ज्यांचे दुःख होते त्यांनीच त्या चित्रांना आपले मानले. मला वाटते, त्या छायाचित्राला नैतिक आधार मिळाला तो पुरस्कारामुळे नव्हे, या स्वीकारामुळे. जेथे संमती मागता येत नाही, तेथे ऋण मोठे होते, आणि ते पुढच्या उपयोगातूनच फेडावे लागते.

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढतो, शिरेतून रक्त काढतो, तसाच फोटो काढतो. जे काढले ते कोणाचे तरी असते, हे भाषेने जाणून ठेवले आहे. दुसरा शब्द ‘साक्षी’. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. आणि पाहून निघून जाणाऱ्याला आपण साक्षीदार म्हणत नाही, पाहिलेले सांगण्यासाठी उभा राहणाऱ्यालाच म्हणतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा यांनी अजमल कसाबचे छायाचित्र टिपले आणि पुढे न्यायालयात उभे राहून साक्षही दिली. चित्र काढल्याने त्यांचे काम संपले नाही, तेथून सुरू झाले.

भोपाळचे ते बालक मरण पावलेले होते. चेहरा जिवंत माणसाचा असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. १ मार्च २००२ रोजी अहमदाबादेत ‘रॉयटर्स’चे अर्को दत्त यांनी एका शिंप्याचे छायाचित्र घेतले : सज्जात उभा, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, जिवाची याचना करणारा. जगभर ते चित्र गुजरातच्या दंगलीची खूण झाले. तो मनुष्य वाचला आणि आपल्या महाराष्ट्रात, मालेगावला, नातलगांकडे आला. तेथे काम मिळाले. पण चित्र वर्तमानपत्रात दिसले, तो ओळखला गेला आणि काम सुटले. पुढे राजकीय प्रचारातही त्याचा चेहरा त्याला न विचारता वापरला गेला. चित्र खरे होते, आवश्यक होते, छायाचित्रकाराने काहीही बनाव केला नव्हता. तरीही त्या चित्राची किंमत चित्रातल्या माणसाने मोजली. सत्य सांगितले म्हणून हिशेब पुरा होत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानी घेतले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. सार्वजनिक रस्त्यावरील मोर्चाचे छायाचित्र घेण्यास आपल्याकडे सरसकट बंदी नाही. संविधानाच्या कलम १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा तो भाग मानता येतो. मात्र हे स्वातंत्र्य वृत्तपत्रांना वेगळे दिलेले नाही, नागरिकाला आहे तेवढेच त्यांना आहे. म्हणून गळ्यातील ओळखपत्र म्हणजे कवच नव्हे. जमावबंदीचा आदेश, जो पूर्वी कलम १४४ खाली निघे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो, तो कॅमेरा हाती आहे म्हणून आपोआप शिथिल होत नाही. समाजांत वैर पेटविणारे प्रकाशन हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ नुसार अपराध आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. अत्याचाराला बळी पडलेल्या, साक्षीदार असलेल्या किंवा कायद्याशी संघर्ष आलेल्या बालकाचे चित्र छापण्यासही बालन्याय अधिनियमाचे कलम ७४ आड येते. तपासासाठी पोलीस उपकरण जप्त करू शकतात, त्याला रीत आहे. पण घेतलेली चित्रे जागच्या जागी पुसून टाकण्यास भाग पाडणे हा त्या रीतीचा भाग नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. रस्त्यावर आलेला माणूस आपली प्रतिष्ठा घरी ठेवून येत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

थोडक्यात, कायदा पुष्कळ गोष्टींना मोकळीक देतो आणि पुष्कळ दुःखांपासून वाचवू शकत नाही. ती मधली जागा विवेकाची आहे.

सुरक्षिततेचेही तसेच. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत वार्ताहर व छायाचित्रकारांना मारहाण झाली, कॅमेरे फोडले गेले. त्यापाठोपाठ आपले भोपाळही पेटले, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. कॅमेरा फोडणाऱ्याला साक्षीचे मोल ठाऊक असते, म्हणूनच तो कॅमेऱ्यावर चालून येतो. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला. पण ते संरक्षण माध्यमसंस्थांत काम करणाऱ्यांसाठी आहे, गच्चीवरून फोन रोखणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नाही. म्हणून तरुणांना माझे सांगणे असे की, जमाव आणि पोलीस यांच्या मधोमध उभे राहू नका, परतीची वाट आधी पाहून ठेवा, एकटे जाऊ नका, आणि कोणत्याही चित्रापेक्षा आपल्या आईला आपण अधिक हवे आहोत, हे विसरू नका.

परंतु सुरक्षितता म्हटले की आपण छायाचित्र घेणाऱ्याचीच चिंता करतो. चित्रात सापडलेल्याची कोण करणार? मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, दिल्लीच्या दंगलीनंतर १,१०० हून अधिक व्यक्तींची ओळख चेहरा ताडणाऱ्या संगणकप्रणालीने पटविण्यात आली. अपराधी सापडावा, याला कोणाची हरकत असेल? पण त्याच गर्दीत घाबरून धावणारा, भावाला शोधायला आलेला, दुकानाचे दार ओढून घेणाराही असतो. पूर्वी गर्दीतला चेहरा गर्दीत विरून जाई. आता प्रत्येक चेहरा वेचून काढता येतो.

अगदी अलीकडची गोष्ट घ्या. १ जानेवारी २०२५ च्या रात्री कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून पीथमपूरला हलविण्यात आला. ३ जानेवारीला तेथे निदर्शने झाली आणि दोघांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला. ती दृश्ये अवघ्या काही मिनिटांत घरोघरी पोहोचली. माणूस पेटलेला असताना चित्र टिपावे काय? माझ्या मते विझविण्यास दुसरे हात पुढे असतील तर टिपावे, नसतील तर कॅमेरा खाली ठेवावा. साक्षीदार होण्याआधी आपण शेजारी असतो. आणि टिपलेच तर ज्वाळेचे चित्र पुन्हा पुन्हा फिरवू नये. कारण कोणा तिसऱ्या निराश माणसाला ते वाट दाखवील.

या साऱ्याचे सार मी एका शब्दात सांगेन : ठेव. दुसऱ्याचा चेहरा आपल्याजवळ आला की तो आपल्या मालकीचा होत नाही. आपण त्याचे विश्वस्त होतो. ठेवीचे नियम आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. ठेव जशी आली तशी जपावी, म्हणजे मूळ चित्र, त्याची तारीख, स्थळ आणि आगचीमागची हकीकत राखावी. कारण न्यायालयात तेच कामी येते, आणि गेल्या वर्षीच्या दंगलीचे चित्र आजचे म्हणून फिरविणाऱ्याला तेच उघडे पाडते. ठेव मालकाच्या हिताविरुद्ध वापरू नये. जो सत्ता किंवा शस्त्र हाती घेऊन उघड्यावर प्रहार करतो, त्याचा चेहरा लपविण्याचे आपल्यावर ओझे नाही. जो प्रहार सोसतो, त्याचा चेहरा झाकण्याचे आहे. फलक घेऊन आलेल्या निदर्शकाला समाजाने पाहावे असे वाटत असते. पण त्याच्या मालकाने त्याला वेचून काढावे असे वाटत नसते. शक्य तेथे विचारावे, आणि ‘नको’ म्हटल्यास ते मानावे.

बंद पडलेल्या त्या कारखान्यासमोर डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी घडविलेले शिल्प १९८५ पासून उभे आहे. कडेवर तान्हे मूल, पदराला बिलगलेले दुसरे, आणि एका हाताने स्वतःचा चेहरा झाकून घेणारी आई. कोणाही एका स्त्रीचा चेहरा न घेता त्या शिल्पाने साऱ्यांचे दुःख सांगितले. छायाचित्राला ही मुभा नाही. त्याला खरा चेहरा लागतो. म्हणूनच छायाचित्राचे बळ शिल्पाहून अधिक आणि दायित्वही अधिक. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी कॅमेरा जरूर उचलावा. अन्यायाकडे पाठ फिरविणाऱ्या समाजापेक्षा पाहणारा समाज केव्हाही बरा. फक्त कळ दाबल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा : ज्याचा चेहरा मी आणला आहे, तो उद्या माझ्या दारी आला, तर हे चित्र मी त्याच्यासमोर ठेवू शकेन काय?